कांदा भावाच्या चॅनेलला नाव काय द्यावं?

नमस्कार भाऊ,

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही कळेल. तुम्ही नाशिक जिल्ह्यातल्या देवळा तालुक्यातले. उमराणे, देवळा, कळवण आणि सटाणा या चार मार्केटचे कांद्याचे भाव रोज टाकणारं चॅनेल तुम्हाला काढायचंय, आधी व्हॉट्सॲपवर आणि जमलं तर टेलिग्रामवर. तीन नावं सुचली आहेत: ‘बळीराजा ॲग्रो अपडेट महाराष्ट्र’, ‘ओनियन किंग’ आणि ‘कांदा भाव देवळा’. मित्र म्हणतो इंग्रजी नाव भारी वाटतं. वडील म्हणतात देवाचं नाहीतर महाराजांचं नाव द्या. पुढे डाळिंब आणि टोमॅटोही घ्यायचा विचार आहे. आणि शेवटच्या ओळीत तुमची खरी काळजी आहे: एकदा नाव पडलं आणि चुकलं, तर काय?

मी चांदवड तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत २०१७ पासून सभासदांना निरोप पोहोचवायचं काम करते. तेव्हा व्हॉट्सॲपच्या एका गटात २५६ माणसंच बसायची. आमचे अकरा गट होते आणि एकच निरोप अकरा वेळा ढकलावा लागायचा. म्हणून आम्ही टेलिग्रामचं चॅनेल काढलं, तिथे सदस्यांना मर्यादा नव्हती. सप्टेंबर २०२३मध्ये व्हॉट्सॲपची चॅनेलं भारतात आली तेव्हा तिथेही काढलं. त्याशिवाय शेजारच्या काही गावांतल्या बचत गटांना, दोन रोपवाटिकांना आणि एका वाचनालयाला चॅनेलं काढून दिली. त्यातली काही नावं लागली, काही फसली. पुढचं सगळं त्या अनुभवातलं आहे.

तुम्ही नावाकडे दुकानाच्या पाटीसारखं बघताय, की माणसाने लांबून बघितलं पाहिजे आणि थांबलं पाहिजे. पण चॅनेल रस्त्यावर नसतं. ते एकाने दुसऱ्याला सांगितल्याशिवाय सहसा कुणाला दिसत नाही. लिलावाच्या रांगेत ट्रॅक्टरवर बसलेला माणूस शेजारच्याला ओरडून सांगतो, नाहीतर जावई सासऱ्याला फोनवर सांगतो. त्या वेळी तुम्ही तिथे नसता. नावाने एकट्याने ते काम करायचं असतं. म्हणून मी नाव निवडताना एकच गोष्ट धरून चालते: लोक त्या गोष्टीला आधीपासून जे म्हणतात, त्यातूनच नाव घ्यायचं. आपण नवीन काही शोधून काढलं तर ते लोकांना पाठ करावं लागतं, आणि भावासाठी कुणी पाठांतर करत नाही.

हे मला कसं कळलं ते सांगते. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत, लाल कांद्याचा हंगाम ऐन भरात असताना, एका गटाच्या चॅनेलसाठी मी उमराण्याच्या मार्केटमध्ये सकाळी सातपासून रांगेत फिरले. थंडी होती, माणसं ट्रॅक्टरच्या आडोशाला शेकत बसलेली. मी वही काढली आणि फक्त ऐकलं. लोक फोनवर काय विचारतात ते जसंच्या तसं लिहून घेतलं. ‘आज काय भाव निघाला?’ ‘लाल जास्तीत जास्त कितीला गेला?’ ‘गोल्टीला काय मिळालं?’ ‘नग किती आले?’ (गोल्टी म्हणजे बारीक कांदा, नग म्हणजे लिलावाला आलेल्या गाड्या.) ‘पिंपळगावला कसंय?’ दोन तासांत मी ‘भाव’ हा शब्द चाळीसच्या वर वेळा लिहिला. ‘दर’ एकदाही नाही, तो छापील शब्द आहे. ‘रेट’ चार-पाच वेळा, तोही व्यापाऱ्यांच्या माणसांकडून. ‘बाजारभाव’ एका शिक्षकांच्या तोंडून आला. ‘अपडेट’ आणि ‘ॲग्रो’ कुणीच म्हणालं नाही.

त्याच रांगेत एक सत्तरीचे बाबा होते. त्यांना म्हटलं, बाबा, तुमच्या फोनवर कांद्याच्या भावाचं चॅनेल शोधून दाखवा. त्यांनी फोन काढला. अक्षरं एवढी मोठी करून ठेवलेली की पडद्यावर चारच ओळी मावत होत्या. त्यांनी काही टाइप केलं नाही. कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह दाबलं आणि फोन तोंडाजवळ धरून म्हणाले, ‘कांदा भाव.’ फोनने बरोबर ‘कांदा भाव’ असं लिहिलं. खाली दहा-बारा चॅनेलं आली. मग बाबांनी बोटाने हळूहळू वर सरकवत त्यातलं आपल्या भागाचं नाव शोधलं. त्या एका मिनिटात मला चॅनेलच्या नावाबद्दल जेवढं कळलं तेवढं आधीच्या सहा वर्षांत कळलं नव्हतं. माणूस आधी विषय बोलतो आणि नंतर डोळ्याने आपला भाग निवडतो. म्हणून नावात विषय पहिला, जागा दुसरी.

मोठ्या अक्षरांचाही विचार करा. चॅट्सच्या यादीत लांब नाव पूर्ण दिसत नाही, पुढे तीन टिंबं येतात. माझ्या फोनवर साधारण विसेक अक्षरांनंतर येतात, बाबांच्या फोनवर त्याच्या कितीतरी आधी आली. ‘बळीराजा ॲग्रो अपडेट महाराष्ट्र’ तिथे ‘बळीराजा ॲग्…’ एवढंच दिसलं असतं. कांदा हा शब्द तर त्या नावात कुठेच नाही.

आता तुमची नावं एकेक घेते.

‘बळीराजा ॲग्रो अपडेट महाराष्ट्र’ मला पटत नाही. ‘बळीराजा’ शब्दावर माझं प्रेम आहे, पण तो घेतलेली चॅनेलं, दुकानं, खतांची पोती आणि पतसंस्था इतक्या आहेत की त्यात तुम्ही सापडणार नाही. ‘महाराष्ट्र’ लिहिलंत की सोलापूरचा कांदेवाला येणार, चार दिवस उमराण्याचे भाव बघणार आणि निघून जाणार. त्याची निराशा होते आणि चुकीच्या माणसांची गर्दी पाहून तुमची फसगत होते. ‘ॲग्रो’मध्ये एक बारीक अडचण आहे, ती फारसं कुणी सांगत नाही. मराठीत ‘ॲ’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड ते एकच अखंड अक्षर म्हणून टाकतात, काही ‘अ’ टाकून त्यावर चंद्र लावतात. डोळ्याला दोन्ही सारखंच दिसतं, फोनला मात्र ती वेगवेगळी अक्षरं वाटतात. एका रोपवाटिकेच्या नावात ‘ॲग्रो’ होतं. मालकांना स्वतःच्याच फोनवर स्वतःचं चॅनेल सापडेना, माझ्या फोनवर लगेच सापडलं. आम्ही अर्धा दिवस शोधत होतो, तेव्हा हे कारण निघालं. तेव्हापासून मी नावात ‘ॲ’ घेत नाही. ज्या शब्दांचं लिहिणं माणसागणिक बदलतं तेही टाळते. ‘माहिती’ कुणी ‘माहीती’ लिहितं, ‘किंमत’वरचा अनुस्वार निम्मे लोक विसरतात. ‘कांदा’ आणि ‘भाव’ मात्र चौथीतलं पोरही बरोबर लिहितं.

‘ओनियन किंग’ बियाणाच्या पाकिटावर चालेल. इंग्रजी नाव कुठे चालतं हे गिऱ्हाइकावर अवलंबून आहे. माझी भाची स्पर्धा परीक्षेचं चॅनेल चालवते. तिच्याकडे येणारी मुलं सगळं इंग्रजी अक्षरांत शोधतात, तिथे मराठी लिपीतलं नाव मागे पडतं. निर्यातदारांसाठी चॅनेल असेल, ज्यांचे निरोप दुबई-कोलंबोपर्यंत जातात, तर इंग्रजी योग्यच. पण तुमचा वाचक सकाळी पिकअप भरून निघालेला शेतकरी आहे. तो ‘कांदा’ म्हणतो. मित्राला भारी वाटणं आणि त्याला सापडणं यात निवड करायची झाली तर त्याची बाजू घ्या.

वडिलांचं म्हणणं मी मान ठेवून बाजूला ठेवेन, आणि त्याचं कारण त्यांना नीट समजावून सांगा. चिन्हे आणि नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम, १९५० या कायद्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र दोन्ही आहेत. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय धंद्या-व्यापारासाठी ते वापरता येत नाही. तुमचं चॅनेल आज फुकट सेवा आहे हे खरं, पण उद्या तुम्ही त्यावर बियाण्याची एक जाहिरात घेतली की तो धंदा होतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या नावापुढे आपण वाकतो त्या नावाखाली ‘गोल्टी ४०० रुपये’ असं रोज लिहिणं मला स्वतःला जड जाईल. देवाच्या नावाला अशी अडचण नाही, पण त्यातून आत काय आहे ते कळत नाही. श्रद्धा असेल तर पहिली पोस्ट देवाला नमस्कार करून टाका.

उरलं ‘कांदा भाव देवळा’. हे जवळजवळ बरोबर आहे, आणि तुम्हाला ते साधं वाटलं म्हणून तुम्ही तिसऱ्या नंबरवर टाकलंत असं दिसतंय. त्यात एकच दोष आहे. तुम्ही चार मार्केटचे भाव देणार, पण कळवणचा माणूस ‘देवळा’ वाचून पुढे सरकणार. तो म्हणणार, हे आपलं नाही.

इथे मला माझी चूक सांगायला हवी, कारण ती तुमच्या या दोषासारखीच आहे. २०१७मध्ये आमचे पहिले सभासद देवळा आणि कळवणकडचे होते, म्हणून मी चॅनेलला ‘कसमादे शेतकरी संवाद’ असं नाव दिलं. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा यांची पहिली अक्षरं मिळून कसमादे होतं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण वर्षभरात आमचे सभासद येवला आणि निफाडकडे वाढले. त्यांना ते नाव परकं वाटायचं. निफाडच्या एका ताईंनी मला तोंडावर विचारलं, ‘हे तिकडच्यांचं आहे ना? आमच्यासाठी कधी काढणार?’ भाव त्यांच्याही मार्केटचे होते, त्या वाचत मात्र नव्हत्या.

दुसरी चूक ‘संवाद’ या शब्दाची होती. चॅनेल एकतर्फी असतं. तुम्ही लिहिता, लोक वाचतात, फार तर अंगठा देतात. ‘संवाद’, ‘चर्चा’, ‘कट्टा’, ‘मंच’, ‘परिवार’ हे शब्द बोलायला बोलावतात. माणसं आली, बोलायची जागा शोधू लागली आणि सापडली नाही तेव्हा चिडली. एकाने मला फोन करून सुनावलं की, संवाद म्हणता आणि आमचं तोंड बंद ठेवता. त्याचं बरोबर होतं. गटाला ‘कट्टा’ शोभतो. चॅनेलच्या नावात आपण जे देणार आहोत त्याचाच शब्द हवा.

तर तुमच्यासाठी माझं उत्तर: ‘कांदा भाव कसमादे’. माझ्याकडे जो शब्द चुकला तो तुमच्याकडे बरोबर बसतो, कारण तुमची चारही मार्केटं त्या चौकटीत आहेत आणि तुम्हाला बाहेर जायचं नाही. मालेगावचे भाव तुमच्या यादीत नाहीत, ते मात्र घ्यावे लागतील. नावात ‘मा’ आहे आणि मालेगावकर विचारणारच. एक अडचण आधीच सांगते. ‘कसमादे’ हा शब्द फोनच्या माइकला कळत नाही. मी बोलून पाहिला तर एकदा ‘कसं मांडे’ आलं, एकदा ‘कस मध्ये’. पण बाबांनी दाखवलं तसं माणूस ‘कांदा भाव’ एवढंच बोलतो आणि ‘कसमादे’ डोळ्याने ओळखतो. म्हणून तो शब्द शेवटी चालतो, सुरुवातीला चालला नसता. मालेगावचे भाव रोज आणणं जमणार नसेल तर ‘कांदा भाव उमराणे’ ठेवा. उमराण्याचं मार्केट लांबलांबची माणसं ओळखतात आणि बाकीची तीन मार्केटं तुम्ही वर्णनात लिहू शकता.

वर्णनाची पहिली ओळ नावाला धरून लिहा: कोणती मार्केटं, किती वाजता आणि भाव कुठून घेता. त्यात सटाण्याबरोबर बागलाणही लिहा, तालुक्याचं नाव तेच आहे आणि काही माणसं तेच म्हणतात. शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या एका मैत्रिणीच्या चॅनेलच्या नावात ‘अहमदनगर’ होतं. ऑक्टोबर २०२४मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. तिने चॅनेलचं नाव बदललं, पण जुनं नाव वर्णनात ठेवलं, कारण नवं नाव जिभेवर रुळायला माणसांना वेळ लागतो. जागेला दोन नावं असतील तर एक वर, एक खाली, हे तेव्हा शिकले.

नावात कोणते शब्द नकोत, याबद्दल मला जरा ठासून सांगायचंय.

‘बाजार समिती’ हे शब्द कुठल्याही परिस्थितीत नकोत. ‘शासकीय’, ‘अधिकृत’, ‘कृषी विभाग’ हेही नकोत. एका गटाने, मी सांगूनही, आपल्या भागातल्या बाजार समितीचं नाव आणि पुढे ‘कांदा भाव’ असं नाव ठेवलं. सुरुवातीला माणसं झपाट्याने आली. मग एके रात्री गटाच्या अध्यक्षांना एका शेतकऱ्याचा फोन आला. व्यापाऱ्याने दिलेला चेक वटला नव्हता, हातात हिशोबपट्टी होती, घरात लग्न होतं, आणि हे चॅनेल बाजार समितीचंच आहे असं समजून तो माणूस रडकुंडीला येऊन यांच्याकडे पैसे मागत होता. अध्यक्षांना काहीच करता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नाव बदललं. आपल्या नावामुळे कुणाचा असा गैरसमज होऊ देणं मला मोठा दोष वाटतो. सरकारी योजनेच्या नावाखाली शेतकऱ्यांना फसव्या लिंका पाठवणारे आधीच खूप आहेत. आपलं नाव त्यांच्यासारखं दिसता कामा नये.

‘लाइव्ह’ हा शब्द लिलाव चालू असताना मिनिटामिनिटाला भाव टाकणार असाल तरच वापरा. तुम्ही दुपारचं सत्र संपल्यावर चारला टाकणार असाल तर ते लाइव्ह नाही. ‘रोजचा’ चालेल, पण मग रविवारीही पोस्ट पडली पाहिजे. आम्ही सुट्टीच्या दिवशी ‘आज लिलाव बंद, उद्या सकाळी नेहमीप्रमाणे’ एवढी एक ओळ टाकतो. ती न दिसली तर माणसं फोन करतात, इतकी सवय लागते.

साल आणि तात्पुरती परिस्थिती नावात घेऊ नका. एका ओळखीच्यांनी २०२३च्या पावसाळ्यात ‘निर्यात कांदा भाव’ नावाने चॅनेल काढलं, चांगलं चाललं. ८ डिसेंबरपासून निर्यातबंदी लागली आणि नावातला पहिलाच शब्द खोटा ठरला. बंदी उठली ती ४ मे २०२४ला, तीही टनाला किमान ५५० डॉलर भाव आणि ४० टक्के शुल्क लावून. त्या पाच महिन्यांत त्यांची माणसं विखुरली. कांद्याच्या बाबतीत धोरण कधी फिरेल याचा नेम नसतो, आणि फिरणाऱ्या गोष्टीवर नाव उभं करू नये.

डाळिंब आणि टोमॅटोचं म्हणाल तर त्यासाठी आत्ता जागा सोडू नका. ‘कांदा भाव’ हे अरुंद नाव आहे आणि म्हणूनच ते कामाचं आहे. ज्याच्या कांदा साठवायच्या चाळीत दोनशे क्विंटल उन्हाळ कांदा पडलाय त्याला डाळिंबाच्या सहा पोस्ट वाचायच्या नसतात. तो आवाज बंद करतो आणि मग तुमचा कांद्याचा भावही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. कांद्याचं बसलं की डाळिंबाचं वेगळं चॅनेल काढा, ‘डाळिंब भाव कसमादे’, आणि पहिल्यावरून दुसऱ्याची ओळख करून द्या.

स्वतःचं नाव द्यावं का, हे तुम्ही विचारलं नाही, पण पुढे विचाराल. कृषी सेवा केंद्र चालवणारा, गावोगाव सल्ला देत फिरणारा माणूस असेल तर त्याचं नावच भरवशाचं असतं. लोक म्हणतात, अमुक भाऊंनी सांगितलंय. पण चॅनेल मग त्या माणसाला बांधलं जातं. तो आजारी पडला, नोकरीला लागला, कुणाला चालवायला द्यायचं ठरलं, तर नाव आड येतं. भावाची माहिती ही वस्तू अशी आहे की ती कुणी दिली यापेक्षा वेळेवर आणि खरी आली का याला किंमत असते. म्हणून मी तुम्हाला स्वतःचं नाव वर्णनात लिहायला सांगेन. लिहा मात्र नक्की. बिननावी चॅनेलवर माणसाने का विश्वास ठेवावा?

आता बदलाबद्दल, म्हणजे तुमच्या शेवटच्या ओळीबद्दल. इथे व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम यांचं वागणं वेगळं आहे.

व्हॉट्सॲप चॅनेलचा दुवा यंत्रच तयार करतं, त्यात अर्थहीन अक्षरांची लांब साखळी असते. तो कुणाला तोंडी सांगता येत नाही, फक्त पाठवता येतो किंवा क्यूआर कोड छापता येतो. म्हणून तिथे तोंडी सांगायला नावाशिवाय काही नसतं. याची चांगली बाजू अशी की नाव बदललं तरी दुवा तोच राहतो आणि माणसं जागच्या जागी राहतात. त्यामुळे तिथे चुकीला वाव आहे.

टेलिग्रामवर दोन गोष्टी असतात. वरचं नाव मराठीत ठेवता येतं आणि केव्हाही बदलता येतं, बदलल्याची एक ओळ चॅनेलमध्ये आपोआप दिसते. पण सार्वजनिक चॅनेलचा दुवा तुम्ही निवडलेल्या इंग्रजी अक्षरांचा असतो: किमान ५, जास्तीत जास्त ३२, त्यात आकडे आणि खालची रेघ चालते, सुरुवात अक्षरानेच. हा दुवा बदलला की जुना मरतो, आणि मोकळं झालेलं नाव दुसरा कुणीही घेऊ शकतो. मी २०१९मध्ये ‘कसमादे शेतकरी संवाद’चं नाव बदलताना दुवाही बदलला. जुना दुवा तोवर सात-आठ कृषी सेवा केंद्रांच्या भिंतीवर कागदावर छापून चिकटवलेला होता. काही महिन्यांनी एका दुकानदाराचा फोन आला, ‘ताई, तुमच्या चॅनेलवर पैसे दुप्पट करायची जाहिरात कशी?’ कुणीतरी ते मोकळं नाव उचललं होतं. मी गावोगाव फिरून ते कागद फाडले, पण किती जण आधी फसले असतील याचा विचार आला की अजून त्रास होतो. आता मी असं करते: दुवा बदलायचाच असेल तर बदलल्याबरोबर, त्याच मिनिटाला, दुसरं रिकामं चॅनेल काढून त्याला जुना दुवा देते आणि आत एकच पोस्ट ठेवते, ‘आम्ही आता इथे आहोत’.

टेलिग्रामचा दुवा निवडताना इंग्रजी स्पेलिंगचा गोंधळ लक्षात घ्या. ‘देवळा’चं सरकारी स्पेलिंग डी-ई-ओ-एल-ए आहे, पण माणसं डी-ई-व्ही-एल-ए टाकतात. ‘बाजार’ला कुणी जे लावतं, कुणी झेड. ‘भाव’मध्ये कुणी एक ए घालतं, कुणी दोन. त्यातल्या त्यात ‘कांदा भाव’चं सरळ स्पेलिंग घ्या, के-ए-एन-डी-ए आणि बी-एच-ए-व्ही, पुढे कसमादे, सगळं सलग. ते मोकळं आहे का बघा. खालची रेघ घालू नका. फोनवर ‘अंडरस्कोर’ सांगून बघा, पलीकडचा माणूस विचारतो, म्हणजे काय?

इथवर आलो तर ठरलं काय ते एका दमात बघू. विषय आधी, जागा नंतर. शब्द मार्केटमध्ये बोलतात तेच. सरकारी वाटेल, खोटं ठरेल किंवा बोलायला बोलावेल असं काही नको. दुवा एकदाच आणि विचार करून. नाव चढवण्याआधी दोन्ही ठिकाणी शोधून बघा की तेच किंवा फार जवळचं नाव कुणाचं आहे का. असेल तर ‘कांदा भाव कसमादे १’ असं काही करू नका. त्यात तुमचीच माणसं त्याच्याकडे जातात. जागेचा शब्द बदला.

नावाच्या सुरुवातीला कांद्याचं किंवा ट्रॅक्टरचं चिन्ह लावायचा मोह होईल. चिन्ह गोल फोटोत घाला, नावात नको. डोळ्याने अधू असलेली माणसं फोनकडून वाचून घेतात, तेव्हा फोन प्रत्येक चिन्हाचं नाव मोठ्याने वाचतो आणि चॅनेलचं नाव मागे राहतं. फोटोत एक कांदा आणि ‘भाव’ हा शब्द पुरे. बारीक मजकूर त्या गोलात वाचता येत नाही.

मग एक चाचणी करा. तुम्हाला न ओळखणाऱ्या पाच माणसांना फोनवर फक्त नाव सांगा, लिहून पाठवू नका. दोन म्हातारी, दोन बायका आणि एक विशीतला पोरगा अशी निवडा. बायका मुद्दाम सांगते, कारण माणूस मार्केटला गेलेला असतो तेव्हा घरी भाव बघून गाडी आज भरायची की उद्या हे त्याच ठरवतात, आणि त्यांना कुणी विचारत नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून विचारा, काल मी काय नाव सांगितलं होतं? त्यांनी जे सांगितलं ते शब्दशः लिहून घ्या. पाचातल्या तिघांनी एकच शब्द वगळला असेल तर तो शब्द काढून टाका. तिघांनी एकच शब्द स्वतःहून घातला असेल तर तो घ्या. आमच्या आत्ताच्या चॅनेलचं नाव असंच ठरलं. मी ‘कांदा बाजारभाव’ म्हटलं होतं, पाचही जणांनी ‘कांदा भाव’ परत सांगितलं.

फ्लेक्स आणि कार्डं छापायची घाई करू नका. पंधरा दिवस नुसत्या नावावर चालवा, आणि कुणी नवीन आलं की विचारा, तुम्हाला कुणी सांगितलं आणि काय म्हणून सांगितलं? कदाचित ते म्हणतील, ‘देवळ्याच्या पोराचं कांद्याचं.’ तसं झालं तर मला कळवा, मग तुमच्या वर्णनाची पहिली ओळ आपण पुन्हा बघू.

मालेगावचे भाव रोज कोण देईल, ते मात्र आजच बघायला घ्या.